दवाखान्यात रांग नव्हती

जुन्नर,
ता. १२ मार्च १९५६

प्रिय शमू,

ताईचा सलाम, आणि तुझ्या लेकीला, सुवार्तेला, गोड पापा. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला याचं कारण काम म्हणशील तर आहे, नाही म्हणशील तर नाही. देवी टोचण्याचं काम निघालंय. रोज एक गाव. काल आपटाळ्याला गेले होते, तिथल्या बायका लेकरं घेऊन उसात जाऊन बसल्या. त्यांना बाहेर काढता काढता दुपार झाली.

इथे सगळं ठीक. चर्चचे पत्रे यंदा बदलले. नवे पाळक कुंडलिकराव फार बोलत नाहीत, पण घरोघरी जातात आणि बसतात. परवा माझ्याकडे आले. चहा घेतला, प्रार्थना केली आणि जाताना दारात म्हणाले, "एस्तेरबाई, मी आल्यापासून प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि पेला घ्यायला मेजाजवळ न येता तुम्ही मागेच बसून राहता." मी म्हटलं, पोट बरं नसतं. ते "बरं" म्हणाले आणि गेले.

पोटाचं विचारलंस म्हणून लिहिते. आहे तसंच. दोन घास जातात, तिसरा परत येतो. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं आणि काही नाही म्हणाले. काळजी करू नकोस. आठ वर्षं चाललंय, अजून चालेल.

एक वाईट बातमी. कागदी मोहल्ल्यातली बिबिजान बाळंतपणात गेली. मला बोलावलंच नाही. मी ऐकून धावले तेव्हा घरात बायका रडत होत्या. तिचा नवरा अन्सार मला म्हणाला, "आता कशाला आलात बाई? हाजराबी असती तर माणूस राहिलं असतं." 

तू हाजराबी दाईबद्दल लिहिलंस. रोज प्रार्थनेत 'जशी आम्ही क्षमा करतो तशी तू कर' या क्षमेच्या ओळीपाशी आलास की जीभ अडते, त्या बाईचा चेहरा समोर येतो, तिला क्षमा करायला बळ मिळावं म्हणून उपास केलेस तरी मन वितळत नाही. आणि ताई, तूच सांग मी काय करू, असं विचारलंस.

शमू, मी तुला काय सांगणार? तू उपास करू नकोस. प्रकृती सांभाळ. बाकीचं पुढच्या पत्री लिहीन.

सुवार्तेसाठी दोन झबली शिवली होती ती आता तिला लहान होतील, नाही का? आठवं चालू आहे. मी मापच विसरते.

तुझी ताई,
एस्तेर

---

जुन्नर,
ता. ९ एप्रिल १९५६

शमू,

हे पत्र सुवार्ता शाळेत गेल्यावर वाच. मागचं पत्र टाकलं आणि टपालपेटीपाशीच उभी राहिले. हात आत घालून ते परत काढता आलं असतं तर काढलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं लिहायचं ते मी पुन्हा पुढे ढकललं होतं.

आता लिहिते. इंद्रायणीच्या बाळंतपणात हाजराबीने वार ओढली नव्हती. ते मी खोटं सांगितलं.

तू घोडेगावला शाळेच्या कामाला गेला होतास. बुधवार होता, १७ नोव्हेंबर. त्याच्या आधीचा रविवार आठव. उपासना सुटल्यावर सगळे बाहेर उभे होते. पाळकांच्या बायकोने इंद्रायणीला विचारलं, बाळंतपण दवाखान्यात करणार ना, नणंदच नर्स आहे. इंद्रायणी हसत म्हणाली, "न्हाई बाई, मी हाजराबीलाच बोलावनार. ताईंचे हात लई गार हायेत. लेकरू बघून माघारी जायचं." सगळे हसले. तूही हसलास. त्यात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही. चौदा वर्षं मी बाळंतपणं केली, तालुक्यातल्या बायका माझं नाव घेत येतात, आणि माझ्या घरातली सून मोहल्ल्यातली दाई बोलावणार, तेही चारचौघांत सांगून! खरं म्हणजे राग त्याच्याही आधीचा होता. आई गेल्यावर तुला मी वाढवलं. तू माझ्या पसंतीची मुलगी केली नाहीस. मेंढरांमागे फिरलेली, कॉलऱ्यात आईबाप गेल्यावर मिशनच्या बोर्डिंगात आलेली मुलगी तुला आवडली. तिने घरात पाऊल टाकल्यापासून तू माझ्याशी बोलायचा ते तिच्याशी बोलायला लागलास. एवढंच. एवढ्यावर मी माणूस मारलं.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला हाजराबीचा नवरा पीरमहंमद दवाखान्यात आला. कागदाच्या कारखान्यातून तसाच उठून आला होता, कोपरापर्यंत लगदा लागलेला. म्हणाला, "बाई, चला. हाजरानं बोलावलंय. कळा लई हायेत पर मूल पुढं सरकंना. तुमी आलात तर बरं, म्हनती."

मी म्हटलं, "दवाखान्यात रांग आहे. पहिलटकरणीला वेळ लागतोच. हाजराबीला सांगा, तिला निवडलंय तर तिनेच बघावं."

शमू, रांग नव्हती. एकही पेशंट नव्हता. मी पट्ट्या गुंडाळत बसले होते.

बाराला तो पुन्हा आला. मूल झालं होतं. मुलगी. पण वार पडत नव्हती आणि रक्त जात होतं. "हाजरा म्हनती, मी हात घालनार न्हाई, बाईंचं औषध पायजे." तिने हे शब्द धाडले होते. मी हात घालणार नाही. वार ओढू नये हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. मी म्हटलं, येते, तुम्ही व्हा पुढे. आणि गेले नाही. मनात म्हटलं, अर्धा तास वाट बघू दे, म्हणजे कळेल गार हातांची किंमत. अर्ध्याचे दोन तास कसे झाले ते मला आजही सांगता येत नाही. मी घड्याळाकडे बघत होते आणि बसले होते.

दोनला तो तिसऱ्यांदा आला. दारात उभा राहून नुसता बघत राहिला. तेव्हा मी उठले. हातातली पट्टी आधी गुंडाळून पुरी केली, मग उठले. रक्त थांबवण्याचं इंजेक्शन सकाळपासून माझ्या कपाटात होतं. दवाखान्यापासून तुझं घर चालत दहा मिनिटांवर.

मी गेले तेव्हा हाजराबीने मूल इंद्रायणीच्या छातीशी लावलं होतं आणि दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरलं होतं. तिच्या स्वतःच्या कपाळावरून घाम गळत होता. इंद्रायणीने डोळे उघडले आणि म्हणाली, "आल्या ताई." तक्रार नव्हती त्यात. बरं वाटल्यासारखं म्हणाली. मी इंजेक्शन दिलं. पण द्यायला अंगात काही उरलं नव्हतं. पाऊण तासाने ती गेली.

संध्याकाळी तू आलास. तुझ्या हातात घोडेगावच्या बाजारातून आणलेलं काहीतरी होतं, ते तू खाली ठेवलंस आणि विचारलंस, "ताई, कसं झालं?" त्या वेळी खरं सांगायला मला एक श्वास पुरला असता. मी म्हटलं, "हाजराबीने घाई केली. वार ओढली." ती तिथेच होती. मुलीला कापडात गुंडाळत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली आणि गाठ मारून मूल माझ्या हातात दिलं.

पुढचं तुला माहीत आहे. तू तिच्या दारात जाऊन काय काय बोललास, मोहल्ला कसा गोळा झाला. त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही आणि तीही कुठे गेली नाही. तू मुलीला घेऊन नगरला गेलास. मी तेव्हापासून प्रभूच्या मेजाजवळ गेले नाही, आणि तेव्हापासून अन्न पोटात राहत नाही. मी मुद्दाम बसून राहिले हे मी सोडून कोणाला माहीत नव्हतं असं मी धरून चालले होते.

तुझं पत्र आलं आणि माझ्याने धरवेना. तू उपास करून करून त्या बाईला क्षमा करायला बघत होतास, जिने तुझं काही केलंच नव्हतं. मी पाळकांकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं ते धीर देतील.  त्यांनी गुडघे टेकून माझ्यासाठी प्रार्थना केली आणि उठून म्हणाले, "देवाजवळ क्षमा आहे, बाई, ती मी तुम्हांला नाकारू शकत नाही. पण जिचं नाव तुम्ही घेतलंत ती जिवंत आहे. तिला वगळून देवाकडे जायला आडवाट नाही."

हाजराबी आता मुलीकडे, कमरजहाँकडे, डिंगोऱ्याला असते. मी मढच्या गाडीने गेले. कमरने मला ओळखलं आणि दार अडवून उभी राहिली. "काय काम काढलंत?" आतून आवाज आला, "कोन हाय गं?" हाजराबीला मोतीबिंदू झालाय. पडवीत बसून शेंगा फोडत होती.

"जुन्नरच्या दवाखान्याची बाई," कमर म्हणाली.

"एस्तेर? ये. बस."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मला म्हाईत न्हवतं व्हय? तीनदा मानूस धाडला व्हता मी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? तुझ्या भावाला? त्याची बायकू आत झाकून ठिवली व्हती. त्याच दिशी त्याची भईनबी काढून घिऊ?"

शमू, मी तिथेच जमिनीवर बसले. आठ वर्षं मला वाटत होतं की माझं खोटं टिकलंय. ते टिकलं नव्हतं. ती बाई ते पदरात घेऊन बसली होती, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफ तर तवाच केलं. न्हाईतर नमाजाला उभं ऱ्हाता येत न्हवतं. पर येक सांगते." तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तू माझं हात काढून घेतलंस. बिबिजान माझ्या हातावर जल्मली व्हती. ती गेली तवा मी हितं बसून ऐकलं. ती कुनाला बोलावनार? तुला भ्यायची, आन् मी उरले न्हवते. आन् आमचा मानूस. त्यो मरूस्तवर म्हनत व्हता, हाजरा, येकदा सांगून टाक. मीच त्याला शपथ घातली. त्याला दोन वर्सं झाली जाऊन. त्याची माफी कुठं मागशील?"

  तीन खेपा घालून गेलेला तो माणूस मनात ते ठेवूनच मेला.

"माझ्याम्होरं रडू नगं," ती म्हणाली. "जितं माझं नाव बुडालं तितं जाऊन सांग. आन् तुझ्या भावाला लिव्ह."

ईस्टरच्या आधी उत्तम शुक्रवारी उपासना संपल्यावर मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. दोघी बायका मध्येच उठून गेल्या. कोणीतरी खोकलं. पाळक येऊन माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले, मग मागून एकदोघं बसली. सगळी नाही. शनिवारी कागदी मोहल्ल्यात गेले. हाजराबीच्या जुन्या दारापाशी उभी राहून तेच पुन्हा सांगितलं. तिथे बोलणं जास्त जड गेलं. अन्सार होता. म्हणाला, "आता सांगून काय उपेग, बाई?" खरं आहे त्याचं. एक म्हातारी मात्र पुढे आली आणि म्हणाली, "हाजराला सांगा, आमी येतोय तिला आनायला."

दवाखान्याच्या कमिटीलाही कळवलंय. नवी नर्स येईपर्यंत काम बघा, किल्ल्या मात्र द्या, असं त्यांनी कळवलं. किल्ल्या दिल्या. त्यांचं बरोबर आहे.

ईस्टरला मी मेजाजवळ गेले. पेला मी घेतला तरी पाळकांनी तो सोडला नाही, माझ्याबरोबर धरून ठेवला. मला वाटलं होतं काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. पण घरी आले आणि भूक लागली. भाकरी आणि कांदा खाल्ला, आणि तो पोटात राहिला. मी चुलीपुढे बसून त्याचीच वाट बघत होते, उलटी होईल म्हणून. झाली नाही. तेव्हापासून रोज एक भाकरी जाते. बरी झाले असं लिहायला अजून धजत नाही.

तू मला क्षमा कर असं लिहीत नाही. क्षमेच्या ओळीपाशी तुझी जीभ अडत होती, तिथे आता हाजराबीचा चेहरा येऊ नये एवढ्यासाठी लिहिलं. यायचाच तर माझा येऊ दे.

एस्तेर

---

जुन्नर,
ता. २ जुलै १९५६

प्रिय शमू,

सलाम. तुझा निरोप नाही, आणि असावा असा माझा हक्क नाही. पण काल सुवार्तेचं कार्ड आलं. पत्ता तुझ्या अक्षरात होता. तो मी कितीदा वाचला ते सांगत नाही.

मे महिन्यात तू डिंगोऱ्याला येऊन गेलास हे कमरजहाँने सांगितलं. आळेफाट्याला उतरून तिथून एक गाडी जुन्नरला येते, एक ओतूरवरून पुढे जाते. तू ओतूरची घेतलीस. योग्य केलंस. आधी जिथे जायला हवं होतं तिथे गेलास. कमर म्हणाली, तू पडवीत हाजराबीच्या पायाशी बसलास. मग हाजराबीने सुवार्तेला जवळ ओढलं आणि बोटांनी तिचं तोंड चाचपलं. म्हणाली, "हिचं कपाळ आईचं हाय." आणि तू रडलास. परत जातानाही तू आळेफाट्यावरून गेलास. मी त्या दिवशी दवाखान्यातच होते. हे गाऱ्हाणं नाही. मला आधी माहीत असतं तर फाट्यावर येऊन लांबून पाहिलं असतं, म्हणून लिहिलं.

हाजराबीला मोहल्ल्यातल्या बायका घेऊन आल्या. मागच्या आठवड्यात सुंदरा नावाची एक पोर अडली होती. हाजराबीने मला बोलवायला माणूस पाठवला. शमू, मी चप्पल न घालता पळाले. तिला दिसत नाही, म्हणून ती पोटावर हात ठेवून सांगत होती आणि मी करत होते. मुलगा झाला. वार आपसूक पडली. नंतर तिने तिच्या रीतीने दुआ मागितली आणि मी माझ्या रीतीने. उठताना माझ्या खांद्यावर जोर देऊन उठली.  तिचा माझ्यावर राग नाही, पण मी तिच्याशेजारी बसले की पीरमहंमदची जागा रिकामी दिसते. ती तशीच दिसत राहील.

आता सुवार्तेच्या कार्डाचं. तिने लिहिलंय, "आत्या, माझी आई कशी होती? बाबा म्हणाले आत्याला विचार." तू माझ्याकडे पाठवलंस हे मला आधी पटेचना. मग तीनदा लिहून फाडलं. तिच्याशी मी किती कमी बोलले होते ते लिहायला बसल्यावर कळलं. जे आहे ते तुला लिहिते, तू तिला वाचून दाखव.

तुझी आई उंच होती. केस फार लांब नव्हते, पण दाट होते, आणि ती ते कधी नीट बांधत नसे. तिला दोन बोटं तोंडात घालून शीळ घालता यायची. यमाजी नावाचे तिचे चुलते होते, त्यांची मेंढरं एकदा वेशीबाहेर बसली होती, तेव्हा हिने रस्त्यावरून शीळ घातली आणि सगळा कळप मान वळवून बघायला लागला. मी तिला रागावले होते, बायकांनी शीळ घालू नये म्हणून. तू घालायला शीक. चर्चमध्ये ती सगळ्यांत मोठ्याने गायची आणि सूर चुकायचा, तिला त्याचं काही वाटत नसे. हसताना तोंडावर पदर घेत नसे. मनात येईल ते बोलायची आणि बोलून झालं की विसरायची. मला येत नाही ते तिला येत होतं. तिला हुलगे आवडायचे. मी हुलग्यांचं माडगं केलं तर दोनदा मागून घ्यायची आणि म्हणायची, ताई, तुमच्या हाताला चव हाय. हे ती म्हणायची, शमू. ते मी त्या रविवारी विसरले.

मी तिला एकदाही नावाने हाक मारली नाही. "अगं" म्हणायचे. आता रोज प्रार्थनेत नाव घेते, मोठ्याने.

सुवार्ता मोठी झाली की विचारेल की आई कशी गेली. तेव्हा खरं सांग. त्यातलं काही गाळ असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे पाठवलंस तर मीच सांगेन.

इंद्रायणीची नणंद,
एस्तेर